एजंट नेमका कोणाचा?

धायरीतल्या त्या इमारतीला लिफ्ट होती, पण त्या दिवशी लाइट गेले होते. म्हणून आम्ही जिन्याने उतरत होतो आणि म्हणूनच मला ते ऐकू आलं.

चौथ्या मजल्यावरचा रिसेलचा फ्लॅट, दोन बेडरूम, मालक ६२ लाख म्हणत होते. आम्ही ५४ पासून बोलणं सुरू केलं होतं. एजंटने मला आणि नवऱ्याला बाल्कनीत बाजूला घेतलं आणि अगदी घरच्या माणसासारखं विचारलं, "ताई, खरं सांगा, ताणून ताणून किती? मला आकडा माहीत असला की मला तसं बोलता येतं." मी सांगून टाकलं. दागिने गहाण ठेवले तर ५८ होतील, त्यापुढे एक रुपयाही नाही. उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझ्या चपलेचा अंगठा निघाला, म्हणून मी मागे थांबले. एजंट खालच्या मजल्यावर पोचला होता आणि फोनवर बोलत होता. "साहेब, पार्टी ५८ पर्यंत येते. तुम्ही साठाच्या खाली उतरूच नका, मी बरोबर ५८ला बसवतो."

फ्लॅट ५८लाच बसला. आमच्याकडून एक टक्का, म्हणजे ५८,००० रुपये दलाली गेली, आणि तेवढीच मालकांकडूनही.

कितीतरी दिवस मी त्या माणसाला लबाड म्हणत होते. पुढे मी एका वकिलांच्या ऑफिसात दस्तांच्या कामाला लागले. साठेखतं, विसार पावत्या, भाडेकरार, कुलमुखत्यारपत्रं रोज हाताखालून जायला लागली आणि त्या प्रसंगाकडे बघायची माझी नजर बदलली. तो जर फक्त मालकांचा एजंट असता, तर माझा आकडा मालकांना सांगणं हे त्याचं कर्तव्यच होतं. न सांगणं चूक ठरलं असतं. आणि तो जर माझा एजंट असता, तर त्याने माझा सरळसरळ विश्वासघात केला. फोन एकच, वाक्य तेच. ते बरोबर की चूक, हे तो कोणाच्या वतीने काम करत होता यावर ठरतं. तेच मी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. बाल्कनीतला तो जिव्हाळ्याचा सूर मी उत्तर समजले.

आपल्याकडे घर घेणारी बहुतेक माणसं इथेच फसतात, म्हणून हे जरा नीट उलगडून सांगते.

एजंट हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जो घरं दाखवतो तो एजंट. कायद्याला तेवढं पुरत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यातलं दहावं प्रकरण एजन्सीचं आहे, कलम १८२ ते २३८. त्याप्रमाणे दुसऱ्यासाठी एखादं काम करायला किंवा तिसऱ्या माणसाशी व्यवहार करताना त्याच्या वतीने उभं राहायला ज्याला नेमलं, तो एजंट. कायद्याच्या मराठीत त्याला 'अभिकर्ता' म्हणतात. म्हणजे या नात्यात माणसं तीन असतात: काम सोपवणारा, ते करणारा, आणि समोरची पार्टी. एजंटची निष्ठा काम सोपवणाऱ्याशी. समोरच्या पार्टीशी त्याने खोटं बोलू नये, फसवू नये, हे आहेच. पण तिचं हित बघणं हे त्याचं काम नाही.

दोन गोष्टी ऐकून लोक चमकतात. एक, हे नातं जुळायला कागद लागत नाही. बोलण्यातून, वागण्यातूनही ते जुळतं. दुसरी, पैसेही लागत नाहीत, कलम १८५ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. तुमच्या मावसभावाने "मी बघतो तुझ्यासाठी जागा, दलालीबिलाली काही नको" असं म्हणून काम अंगावर घेतलं, तर तोही तुमचा एजंट, आणि निष्ठेचा नियम त्यालाही लागू. उलट बाजूने, तुम्ही दलाली देता एवढ्यावरून तो माणूस तुमचा होत नाही. पैसे कोण देतो हा एक इशारा आहे, उत्तर नाही.

प्रत्यक्षात काय दिसतं? पुण्या-मुंबईत रिसेलच्या व्यवहारात कधी दोन एजंट असतात, एक विकणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा, आणि प्रत्येक जण आपापल्या पार्टीकडून घेतो. हे सगळ्यात स्वच्छ. कधी विकणाऱ्याच्या एजंटकडे जागा असते, दुसऱ्या एजंटकडे गिऱ्हाईक असतं, आणि मिळालेली दलाली ते आपसात अर्धी-अर्धी वाटतात. इथे गोंधळ सुरू होतो, कारण घेणाऱ्याला वाटतं की आपल्याला घेऊन आलेला माणूस आपला. प्रत्यक्षात त्याचे पैसे सौदा मोठा होण्यात आणि लवकर होण्यात असतात. आणि कधी, म्हणजे आमच्यासारखं, एकच माणूस दोन्हीकडे. बाजारात त्याला 'दोन्ही साइड' म्हणतात आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही.

कायद्यात दोन्ही साइडला सरसकट बंदी नाही. दोघांना आधी माहीत असेल आणि दोघांना चालत असेल, तर तो माणूस निरोप्याचं काम करू शकतो: इकडचा प्रस्ताव तिकडे, तिकडचा इकडे, कागदपत्रं, सोसायटीची एनओसी, रजिस्ट्रेशनची तारीख. पण मग त्याने कोणाचीच शेवटची किंमत विचारता कामा नये, आणि कळलीच तर ती पोटात ठेवायला हवी. मला विचाराल तर किमतीची घासाघीस चालू असताना हे माणसाच्या हातून होणं अवघड आहे. एकाला दोन लाख कमी द्यावे लागावेत आणि दुसऱ्याला दोन लाख जास्त मिळावेत, असं एकाच वेळी एकाच मनाने कसं वाटेल? तरी लहान गावात, जिथे एजंटच एक-दोन असतात, तिथे याला इलाजही नसतो. निदान ते उघड असावं.

आता कर्तव्यांकडे येते. यातली बरीचशी दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यात जशीच्या तशी आहेत आणि रस्त्यावरच्या रोजच्या व्यवहाराला चपखल बसतात.

सांगितल्याप्रमाणे वागणं, हे कलम २११. तुम्ही "६० च्या खाली बोलू नका" म्हणालात आणि त्याने "५५ला देतील हो" असं कुणाच्या कानात सोडलं, तर तो चुकला, आणि त्यातून झालेलं नुकसान त्याच्याकडे मागता येतं. कसब आणि काळजी, हे २१२. ज्या धंद्यात तो आहे त्या धंद्यातल्या माणसाला जेवढी जाण असते तेवढी त्याने वापरायलाच हवी. दहा वर्षं फ्लॅटचा धंदा करणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला, आलंय का हे न विचारताच गिऱ्हाईक जागेवर उभं केलं, तर "मला काय माहीत, मी फक्त दाखवलं" हे उत्तर पुरत नाही. हिशेब देणं २१३. तुमच्या वतीने हातात आलेला पैसा तुम्हाला पोचता करणं २१८. अडचण आली तर धावपळ करून तुम्हाला कळवणं आणि तुमच्या सूचना घेणं २१४.

पण या सगळ्याचा गाभा २१५ आणि २१६ मध्ये आहे, तिथे जरा थांबते.

ही दोन कलमं म्हणतात की ज्या कामासाठी तुम्हाला नेमलंय त्या कामात, नेमणाऱ्याला न कळवता, स्वतःचा धंदा करू नका. कायदा लिहिणाऱ्यांनी पुढे जी उदाहरणं दिली आहेत ती चक्क घर आणि जमिनीचीच आहेत. एकात कोणी आपल्या एजंटला सांगतो, अमुक घर माझ्यासाठी विकत घे. एजंट येऊन सांगतो, ते मिळत नाही, आणि स्वतःच घेऊन टाकतो. कळल्यावर नेमणारा त्याला भाग पाडू शकतो: ज्या भावात घेतलंस त्याच भावात ते घर मला दे. दुसऱ्यात एजंटला जमीन विकायला सांगितलेली असते. तो जागेवर जातो तेव्हा त्याला तिथे खाण असल्याचं कळतं, मालकाला ते ठाऊकच नसतं. एजंट म्हणतो, मीच घेतो जमीन. मालक हो म्हणतो. खाणीचं लपवलं होतं हे उघड झालं की मालक तो व्यवहार मोडू शकतो किंवा हवा तर कायम ठेवू शकतो. मर्जी मालकाची.

खाण आपल्याकडे रोज सापडत नाही, पण रस्ता सापडतो. समजा मुळशीत किंवा मावळात एका म्हातारीची दीड एकर आहे. मुलं मुंबईला. ती गावातल्या ओळखीच्या माणसाला सांगते, बाबा, गिऱ्हाईक बघ. त्या माणसाला रिंग रोडची आखणी कुठून जाते ते माहीत असतं, कारण तो आठवड्यातून तीन दिवस तहसीलच्या आवारात असतो. म्हातारीला माहीत नसतं. तो मेव्हण्याच्या नावावर जमीन घेतो, चालू भावाने, म्हणजे वरवर बघता फसवणूकही नाही. इथे २१५ उभं राहतं. चालू भाव दिला हा बचाव पुरेसा नाही. तो तिच्यासाठी काम करत होता, त्याला माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट तिला सांगायला तो बांधलेला होता. सातबाऱ्यावर मेव्हण्याचं नाव लागलं म्हणून हे मिटत नाही. सिद्ध करायला मात्र कष्ट आहेत, कोर्टाच्या पायऱ्या आहेत, आणि बहुतेक म्हाताऱ्या तिथपर्यंत पोचत नाहीत. म्हणून आधी कळलेलं बरं.

याच जातीची एक रोजची गोष्ट म्हणजे 'वरचे'. जमिनीच्या धंद्यात मालक म्हणतो, "मला नेट ४० द्या, वरचं तुमचं." मालकाने समजून-उमजून हे कबूल केलं असेल तर त्याच्यापुरतं एजंटने काही चोरलेलं नाही, ती त्याची मजुरी ठरली. पण तोच एजंट घेणाऱ्याला "मी तुमच्यासाठी भाव पाडून आणतो" म्हणत ४७ घेत असेल आणि वर त्याच्याकडून एक टक्काही, तर घेणाऱ्याशी त्याने दगा केला. आणि मालकाने नेट वगैरे काही म्हटलंच नसेल, ठरावीक दलाली ठरली असेल, आणि एजंटने ४७ला विकून मालकाला ४० सांगितले असतील, तर ते सात लाख मालकाचे आहेत. एजंटचे कधी नव्हतेच. शिवाय कलम २२० सांगतं की कामाच्या ज्या भागात गैरवर्तन केलं त्या भागाचा मोबदलाही त्याला मागता येत नाही.

गुप्तता पाळा असं वेगळं कलम या प्रकरणात तुम्हाला सापडणार नाही. ती निष्ठेतूनच येते. तुमची शेवटची किंमत, तुमची घाई, मुलीचं लग्न मार्चमध्ये आहे, बँकेचं पत्र आलंय, नवरा-बायको वेगळे होतायत म्हणून घर काढलंय. या माहितीला भाव असतो. ती तुमच्या एजंटजवळ राहिली पाहिजे. समोरच्याच्या एजंटला तुम्ही ती दिलीत तर ती तुम्ही समोरच्यालाच दिली.

गुप्तता आणि लपवाछपवी यांत मात्र फरक आहे. मालक ६२ म्हणतोय पण ५६लाही देईल, हे त्याच्या एजंटने न सांगणं म्हणजे गुप्तता. बाथरूमच्या वरच्या स्लॅबमधून पाणी झिरपतं आणि दाखवायच्या आदल्या दिवशी त्यावर रंग मारलाय, किंवा फ्लॅटवर बँकेचा बोजा आहे, हे विचारल्यावर "काही नाही हो" म्हणणं ही फसवणूक. आणि इथे विकणाऱ्यांनी कान टवकारायला हवेत. एजंटने तुमच्यातर्फे काम करताना केलेली खोटी बतावणी कलम २३८ प्रमाणे तुमच्या अंगावर येते, जणू ती तुम्हीच केली. कलम २२९ प्रमाणे कामाच्या ओघात एजंटला जे कळलं ते तुम्हाला कळलं असं धरलं जातं. "मला त्याने सांगितलंच नाही" म्हणून सुटता येत नाही. एजंट निवडणं म्हणजे आपली जीभ आणि आपले कान काही दिवसांसाठी दुसऱ्याला देणं आहे, हे मी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक विकणाऱ्याला सांगते.

अधिकार किती, हेही ठरवायला लागतं. साधा एजंट गिऱ्हाईक आणतो, बोलणी करतो. तुमच्या वतीने विसार पावतीवर सही करायचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. तो वेगळा द्यावा लागतो. म्हणून घेणाऱ्यांनो, टोकनची रक्कम एजंटच्या खात्यात टाकू नका. मालकाच्या खात्यात टाका, पावतीवर मालकाची सही घ्या. रोख तर नकोच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्यानेही मनाई आहे. सौदा फिसकटला की "पैसे कोणाकडे आहेत" या प्रश्नावर दोन-दोन वर्षं फिरणारी माणसं मी बघितली आहेत. एजंट म्हणतो मालकाला दिले, मालक म्हणतो मला मिळालेच नाहीत.

जमिनीच्या व्यवहारात तर एजंटांची साखळी असते. तुमच्याशी बोलणारा पाचवा. त्याच्यावरचा कोण, त्याच्याही वरचा कोण, तुम्हाला पत्ता नसतो. कायद्याप्रमाणे एजंटने धंद्याच्या रीतीप्रमाणे पुढे उपएजंट नेमला तर त्याच्या कामाला तुमचा मूळ एजंट तुमच्याशी जबाबदार. उपएजंट मात्र, फसवणूक किंवा मुद्दाम केलेलं नुकसान सोडलं, तर तुम्हाला थेट जबाबदार नसतो. म्हणून साखळीचं पहिलं टोक शोधा.

आता नव्या प्रकल्पांकडे. इथे चित्र वेगळं आहे, कारण इथे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारा २०१६ चा रेरा कायदा आहे आणि तो राबवायला आपल्या राज्यात महारेरा हे प्राधिकरण आहे. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं आठपेक्षा जास्त असली की प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि अशा प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी लागते. ती मिळाल्यावर जो नंबर येतो तो त्याने जुळवलेल्या प्रत्येक विक्रीत लिहायचा. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर त्याने विकायचं नाही. हिशेबाची पुस्तकं ठेवायची. नसलेल्या मंजुऱ्या आहेत म्हणून सांगायच्या नाहीत. आणि बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला ज्या माहितीचा आणि कागदांचा हक्क आहे ते सगळं त्याच्या हाती पडेल असं बघायचं. हे कलम ९ आणि १०. न पाळल्यास कलम ६२ प्रमाणे चूक चालू असलेल्या प्रत्येक दिवसाला १०,००० रुपये दंड, एकूण त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. मला हे फार चांगलं वाटतं. न्हावी, प्लंबर, ड्रायव्हर सगळ्यांना काही ना काही शिकावं लागतं, आणि माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करून देणाऱ्याला इतकी वर्षं काहीच शिकावं लागत नव्हतं.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नव्या प्रकल्पातला एजंट, ज्याला हल्ली चॅनल पार्टनर किंवा नुसतं सीपी म्हणतात, तो बिल्डरचा असतो. "सर, तुम्हाला ब्रोकरेज झिरो" हे तो खरं सांगतो. त्याला पैसे बिल्डर देतो. म्हणजेच तीन साइटी दाखवून तिसरीचीच शिफारस तो का करतोय, याचं कारण तुमच्या गरजेत असेल किंवा तिसऱ्या बिल्डरने या महिन्यात कमिशन वाढवलं असेल त्यातही असेल. तो वाईट माणूस आहे असं नाही. तो तुमचा सल्लागार नाही, एवढंच. त्याच्या गाडीतून साइट बघा, माहिती घ्या, पण प्रकल्पाचा नंबर महारेराच्या वेबसाइटवर स्वतः टाका, ताबा द्यायची तारीख, मंजूर नकाशा, चालू असलेले दावे स्वतः वाचा. आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागायचा बिल्डरला अधिकार नाही, हे सीपीने सांगितलं नाही तरी लक्षात ठेवा.

रेराची ही छत्री रिसेलवर आणि भाड्यावर तशी येत नाही. कायद्यातली एजंटची व्याख्याच प्रकल्पातल्या विक्रीभोवती बांधलेली आहे. भाड्याच्या घरासाठी एक महिन्याचं भाडं दलाली घेणारा, किंवा आमच्या धायरीतल्यासारखा जुना फ्लॅट जुळवणारा, यांच्याशी तुमचं नातं त्या १८७२ च्या कायद्यावरच उभं असतं. पैसे देऊन सेवा घेतली असेल तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, तो आणखी एक रस्ता.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत, एडिसनला राहते. तिथे घर बघायला सुरुवात केली तेव्हा ब्रोकरने तिच्या हातात आधी एक छापील पत्रक दिलं. त्या राज्यात ते द्यावंच लागतं. त्यात चार नाती लिहिलेली होती: विकणाऱ्याचा एजंट, घेणाऱ्याचा एजंट, दोघांनाही सांगून दोघांचं काम करणारा, आणि चौथा, जो कोणाचाच एजंट नसून फक्त व्यवहार पार पाडून देतो. मी यातला कोण, हे ब्रोकरने तिला सांगितलं. ती हे फोनवर सहज सांगून गेली, जसं काही जगात सगळीकडे असंच असतं. मी बराच वेळ त्या कागदाचा विचार करत राहिले. असा एक कागद धायरीच्या त्या बाल्कनीत असता तर मी तोंड मिटून बसले असते.

आपल्याकडे रिसेलसाठी असा छापील कागद कोणी देत नाही, पण व्हॉट्सॲप आहे. मी आता ओळखीच्यांना हा मेसेज पाठवायला सांगते, पहिल्या साइट व्हिजिटच्या आधी:

"नमस्कार. अमुक फ्लॅटसाठी तुम्ही माझ्या वतीने काम करत आहात असं मी समजते. ब्रोकरेज १ टक्का, अर्धं करारनामा रजिस्टर झाल्यावर, अर्धं ताबा मिळाल्यावर. समोरच्या पार्टीकडूनही काही घेणार असाल तर आत्ताच सांगा. माझा आकडा मला विचारल्याशिवाय कोणाला सांगू नका. वरीलप्रमाणे मान्य असल्यास कळवा."

बहुतेक एजंट "ओके मॅडम" लिहितात. तो ओकेही उद्या पुरावा म्हणून मांडता येतो. काही जण फोन करून म्हणतात, मॅडम, मी मालकांचा आहे. तेही छानच. कळलं ना.

एजंटांची बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. तीन-तीन महिने उन्हातान्हात पंधरा घरं दाखवून झाल्यावर पार्टी आणि मालक परस्पर भेटतात, दलाली वाचवतात आणि एजंटचा फोन उचलत नाहीत. हे मी इतक्यांदा बघितलंय की सांगवत नाही. दुसरं काही ठरलं नसेल तर, सोपवलेलं काम पुरं झालं की मोबदला देय होतो, हे कलम २१९. म्हणून 'काम' म्हणजे काय हे आधी लिहून ठेवण्यात एजंटचंही भलं आहे: गिऱ्हाईक आणून देणं, की करारनामा होईपर्यंत साथ देणं? ज्याच्याकडून निष्ठा हवी त्याची मजुरी बुडवू नये.

मागच्या वर्षी आईचं साताऱ्याचं घर विकलं. एजंट साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काका म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीत आईचं नाव लिहिलं, पुढे 'विक्रीतर्फे' असं लिहिलं आणि खाली तिची सही घेतली. एक तरुण जोडपं घर बघायला आलं. मुलीला अंगणातलं प्राजक्ताचं झाड आवडलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बघून झाल्यावर ती काकांना बाजूला घेऊन म्हणाली, "काका, आमचं बजेट सांगू का तुम्हाला? म्हणजे तुम्हाला बोलता येईल."

काकांनी हात वर केला. "पोरी, मला नको सांगू. मी या आजींचा माणूस आहे. तू आकडा सांगितलास तर मला तो त्यांना सांगावा लागेल. जा, नवऱ्याशी बोल, आणि काय द्यायचं ते ठरवून ये."

ती क्षणभर गोंधळली. मग दोघं फाटकापाशी गेली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत उभी राहिली.